शेताची मोजणी: हद्द मशीन ठरवत नाही, टिपण ठरवतं

आमच्या गटाच्या पश्चिमेचा बांध 610 फूट लांब आहे. पहिल्या मोजणीत फक्कीची (पांढऱ्या भुकटीची) रेघ शेजारच्या अण्णांच्या ज्वारीत नऊ फूट आत गेली. आमच्या बाजूला पाच गुंठे वाढले आणि दोन पिढ्यांची ऊठबस त्या दुपारी बंद झाली. सव्वा वर्षाने त्याच बांधाची निमताना मोजणी, म्हणजे हरकतीनंतरची फेरमोजणी, झाली, तेव्हा रेघ जुन्या बांधापासून जेमतेम दीड फुटावर आली. दोन्ही वेळा मोजायला रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून बिंदू घेणारं यंत्र, होतं आणि आमचं टिपण, म्हणजे जुन्या मोजणीचा आराखडा, तेच होतं. पहिल्या वेळी टिपण शेतातल्या तालींवर (पाणी अडवायच्या मातीच्या बांधांवर) बसवलं होतं, दुसऱ्या वेळी शिवेच्या दगडावरून. फरक पडला तो एवढ्यानेच.

तेव्हापासून गावात कुणी मोजणीचा अर्ज करणार म्हटलं की मी आधी त्याच्याबरोबर कागद घेऊन बसतो. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडतो. हे सगळं महाराष्ट्रातल्या शेतजमिनीपुरतं आहे. गावठाणातल्या घरजागांची मोजणी स्वामित्व योजनेत ड्रोनने होते आणि मिळकत पत्रिका मिळते, पण तो ड्रोन गावठाणापुरता. शेताच्या हद्दी त्याने ठरत नाहीत, हे आधी स्पष्ट असू द्या. कारण "आता ड्रोनने मोजलंय ना" म्हणून थांबून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

हद्द कोणत्या कागदावर असते

सातबारावर हद्द नसते. जमीन कोणाची, किती, बोजा कसला, पीक कोणतं, एवढंच तो सांगतो. खरेदीखतातल्या चतुःसीमा म्हणजे "पूर्वेस अमक्याची जमीन, दक्षिणेस ओढा". त्यातून शेजारी कोण ते कळतं, बांध कुठून जातो ते कळत नाही. बांधाची खरी मापं असतात टिपणात.

मुंबई इलाख्यात 1820 च्या दशकाच्या शेवटी प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे भागात केलेली मोजणी टिकली नाही. मग 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली आणि ती पद्धत पुढे इलाखाभर गेली. साधनं दोन: शंकू (काटकोन धरायला) आणि साखळी. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर. आपण आजही गुंठ्यात बोलतो तो हिशेब त्या साखळीचा.

टिपण म्हणजे प्रत्येक सर्व्हे नंबरचा हाताने काढलेला आराखडा. शेतातून एक लांब सरळ ओळ धरायची, तो पाया. पायावरून चालत जायचं आणि डावी-उजवीकडच्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत काटकोनात लंब मोजायचा. पायावरचे आकडे आणि लंबाचे आकडे, दोन्ही साखळी-आण्यांत. आमच्या टिपणावर पायावर "7-8" असा आकडा आहे आणि तिथून डावीकडे "3-4" असा लंब. साखळ्यांना 33 ने गुणा, आण्यांना 2.0625 ने, आणि बेरीज करा. 7-8 म्हणजे 247.5 फूट. 3-4 म्हणजे 107.25 फूट. तिथे पश्चिम बांधाचा मोडता कोपरा आहे. हे गणित पहिल्यांदा स्वतः केलं तेव्हा वहीतला आकडा शेतातल्या एका ठिकाणी नेऊन उभं करतो हे मला कळलं. तुमच्या शेताच्या एका तरी कोपऱ्याचं हे गणित मोजणीआधी करून बघा.

याच गणितातून दुसरी एक गोष्ट कळते, आणि भांडणाला बसण्याआधी ती दोन्ही बाजूंनी समजून घ्यायला हवी. एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडा जास्त. टिपणातला आकडा सहसा आण्यापर्यंतच लिहिलेला असतो. म्हणजे लिहिणाऱ्याने जवळचा आणा धरला असेल, तर मूळ कोपराच एक फूट इकडे किंवा तिकडे असू शकतो. त्यात साखळी वापरून लांबलेली असायची, काट्याकुट्यातून ओढताना ताण कमी-जास्त व्हायचा. आजचा रोव्हर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत बिंदू दाखवतो. पण ज्या अभिलेखाशी तो बिंदू ताडायचा, त्या अभिलेखाचाच बारकावा फुटाचा आहे. त्यामुळे अर्ध्या फुटासाठी कोर्टात जाणाऱ्याला मी कळकळीने थांबवतो. अर्धा फूट कोणाचा, हे सांगण्याची ताकद त्या कागदातच नाही.

नकाशाबद्दलही असंच. गावनकाशाच्या खाली लिहिलेलं प्रमाण बघा. एका इंचाला 20 साखळ्या असतील, तर एक इंच म्हणजे जमिनीवर 660 फूट. त्या नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ शेतात चार मीटर रुंद होते. महाभूनकाशा या सरकारी ऑनलाइन नकाशावरून गट उचलून मोबाइलच्या उपग्रह चित्रावर टाकणं आणि "बघा, तुमची विहीर आमच्यात आहे" म्हणणं, यातून माझ्या डोळ्यांदेखत तीन घरांत भांडणं लागली. तो नकाशा गट कुठे आहे आणि त्याचा आकार कसा आहे ते समजायला उत्तम. बांध ठरवायला तो उपयोगाचा नाही. मोबाइलच्या जीपीएसचंही तेच. उघड्या आकाशाखालीसुद्धा त्यात तीन ते पाच मीटरचा फरक सहज पडतो.

अर्ज करण्याआधी कागद जमवा

नवीन सातबारा आणि आठ-अ हे झालेच. त्याशिवाय उपअधीक्षक भूमि अभिलेख यांच्या कार्यालयातून, ज्याला आपण मोजणी ऑफिस म्हणतो, हे उतारे नक्कल अर्ज करून काढा: तुमच्या नंबरचं टिपण, जमिनीचे हिस्से पडले असतील तर त्यांचा नकाशा म्हणजे फाळणी, आकारबंद (क्षेत्र आणि आकाराची नोंदवही), आणि गावात एकत्रीकरण झालं असेल तर गटाची योजना पत्रकं, म्हणजे 9(3) आणि 9(4) चे उतारे. त्यात जुना सर्व्हे नंबर कोणता, नवा गट कोणता, हे सापडतं. बऱ्याच जिल्ह्यांतले जुने अभिलेख स्कॅन होऊन ऑनलाइन आले आहेत, तेही बघा. टिपण फाटलेलं किंवा गहाळ असेल तर निराश होऊ नका. शेजारच्या नंबरांची टिपणं काढा. तुमचा पश्चिम बांध म्हणजे शेजाऱ्याचा पूर्व बांध, आणि त्याच्या टिपणात तो मोजलेला असतो. खरं तर टिपण चांगलं असलं तरी लगतच्या नंबरांची टिपणं काढाच. आमच्या निमतान्यात शिवेच्या दगडाला शेजारच्या टिपणाचाच आधार मिळाला.

आता तीन आकडे एकाखाली एक लिहा: सातबाराचं क्षेत्र, आकारबंदाचं क्षेत्र, आणि टिपण किंवा फाळणीवरून येणारं क्षेत्र. जुने आकडे एकर-गुंठ्यांत असतील तर एक एकर म्हणजे 40.47 आर धरा. 4 एकर म्हणजे 1 हेक्टर 62 आर. आर-दोन आरचा फरक रूपांतरात आणि पूर्णांक करण्यात पडतो, तो सोडून द्या. फरक मोठा असेल तर मोजणीआधीच कारण शोधा. माझ्या पाहण्यात वारंवार आलेलं कारण म्हणजे कॅनॉल किंवा रस्त्यात गेलेली जमीन. भूसंपादन झालं, पैसे मिळाले, पण क्षेत्रातला बदल नोंदवणारं कमी-जास्त पत्रक झालंच नाही, म्हणून सातबारावर जुनंच क्षेत्र चालू राहिलं. अशा गटात मोजणी केली की "आमचे बारा गुंठे कमी भरले" म्हणून माणूस शेजाऱ्यावर धावून जातो. ते बारा गुंठे कॅनॉलखाली असतात.

यापुढची अडचण मात्र फार घरांत आहे. सातबारावर भावांची नावं आणि क्षेत्रं वेगळी झालेली असतात, कधी 1/अ, 1/ब असे हिस्सेही पडलेले असतात, पण नकाशात फाळणी झालेलीच नसते. आजोबांनी कासऱ्याने मोजून दोन्ही मुलांना वाटून दिलं आणि तसंच कसत आले. अशा हिश्शाची हद्द अभिलेखात कुठेच नाही, मग मोजणीवाला ती कायम कशी करणार? तो पूर्ण गटाची बाहेरची हद्द दाखवू शकतो आणि आतली वहिवाट नकाशावर उतरवू शकतो. आतली रेघ कायम करायची तर सगळ्या सहधारकांच्या संमतीने पोटहिस्सा मोजणी करून घ्यावी लागते. कुणी गटातले 20 गुंठे विकत घेत असेल तर आधी एवढंच विचारा: या हिश्शाची फाळणी आहे का? नसेल तर तुम्ही क्षेत्र विकत घेताय, जागा नाही. ती जागा नंतर सगळ्यांच्या सहीशिवाय ठरत नाही, आणि त्यातला एखादा मुंबईला असतो, एखाद्याचं वारसच लागलेलं नसतं.

शिवार चालून या

माझ्या मते मोजणीतलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे, आणि ते फुकटात होतं. अर्ज करण्याआधी एक दिवस काढा, गावातलं जुनं माणूस बरोबर घ्या, आणि टिपण हातात धरून स्वतःचाच नव्हे तर शेजारच्या चार-पाच नंबरांचा बांध चाला. शोधायच्या त्या जुन्या, न हललेल्या खुणा.

पक्की खूण कोणती? शिवेचा दगड, सर्व्हेच्या वेळचे हद्दीचे दगड, गावनकाशावर दाखवलेलं जुनं देऊळ किंवा विहीर, जुनी पाणंद आणि शिवरस्ता जिथे मिळतात तो कोपरा, रेल्वेची हद्द. कच्ची खूण कोणती? अलीकडची विहीर, विजेचा खांब, तारेचं कुंपण, आणि ओढा. ओढ्याचं पात्र पुराने सरकतं, टिपणात मात्र जुनं पात्र असतं.

तालींबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आमची पहिली मोजणी तिथेच चुकली. 1972 च्या दुष्काळात कामावर माणसं लावून गावोगाव बांधबंदिस्ती झाली. पाणी अडवायला उताराला आडव्या मातीच्या ताली टाकल्या. ताल समपातळीवरून जाते, हद्दीवरून नाही. पण पन्नास वर्षांत तिच्यावर बाभळी वाढल्या, गवत आलं, नांगर तिथवरच जायला लागला, आणि नव्या पिढीने तिलाच बांध म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडे उत्तरेची आणि दक्षिणेची ताल हद्द समजून टिपण त्यांच्यावर बसवलं गेलं. ताली मूळ बांधाशी थोड्या तिरक्या होत्या, त्यामुळे सगळं टिपणच किंचित फिरलं. किंचित म्हणजे किती, तर टिपण एका अंशाने फिरलं तर 300 मीटरवर रेघ सव्वापाच मीटर सरकते, 17 फूट. आमचे नऊ फूट तिथूनच आले.

ताल ओळखायची कशी? पाण्याने पातळी काढून बघा. ताल साधारण एका पातळीत असते आणि वाकत जाते. जुना बांध चढ-उताराची पर्वा न करता सरळ जातो, आणि पलीकडच्या शेतात, त्याच्या पलीकडेही त्याच रेषेत चालू राहतो. हा मोठा पुरावा आहे. चार नंबर ओलांडून सरळ जाणारी रेषा शक्यतो सर्व्हेची असते.

आमचा शिवेचा दगड सापडला तो एका ऐंशीच्या घरातल्या आजींमुळे. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथे पाणंदीच्या कडेला घाणेरीचं जाळं माजलं होतं. आजी म्हणाल्या, "तिथं म्हसोबा हाय, लगीन झाल्यावर सासूबाईंनी नारळ फोडायला नेलं होतं." जाळं तोडलं, दंताळ्याने पाला ओढला, पहारीने हातभर माती सैल केली, तेव्हा घडीव दगडाचा माथा लागला. त्याच्यावर शेंदराचा जाड थर होता, नख लावलं तर पापुद्रे निघत होते. शेंदूर लागला म्हणूनच तो दगड कुणी उचलला नव्हता. गावनकाशावर त्याच जागी तिन्ही शिवांची गाठ होती. आपल्या शिवारातले म्हसोबा आणि शेंदराचे दगड नकाशाशी ताडून बघा. ते सगळेच हद्दीचे नसतात, पण जे असतात ते फार उपयोगी पडतात.

सापडलेल्या प्रत्येक खुणेचा फोटो काढा, त्यात आजूबाजूचं काहीतरी ओळखीचं दिसू द्या, आणि टिपणाच्या झेरॉक्सवर ती कुठे येते ते पेन्सिलीने मांडा. मोजणीच्या दिवशी हा कागद तुमच्या हातात हवा.

अर्ज

अर्ज आता ई-मोजणी प्रणालीत ऑनलाइन होतो. हद्द कायम, पोटहिस्सा, बिनशेती यांतला नेमका प्रकार निवडा. शेजाऱ्याशी बांधाचा वाद असेल तर हद्द कायम. 1 डिसेंबर 2024 पासून साधी, तातडी, अतितातडी असे जुने प्रकार जाऊन नियमित आणि द्रुतगती हे दोनच राहिले. पालिका हद्दीबाहेर 2 हेक्टरपर्यंत तेव्हा ठरलेली फी नियमितला 2,000 आणि द्रुतगतीला 8,000 रुपये होती. फीमध्ये बदल होत असतात, त्यामुळे चलन निघताना येईल तो आकडा धरा.

अर्जात एका गोष्टीची हयगय करू नका: चारही बाजूंच्या लगतधारकांची नावं आणि पत्ते. सातबारावर मयत माणसाचं नाव असेल तर प्रत्यक्ष कसणाऱ्या वारसांची नावंही द्या. ज्याला नोटीस मिळाली नाही तो पुढे म्हणतो "मला कळवलंच नाही", आणि चांगली झालेली मोजणी त्या एका वाक्यावर अडकते. नोटीस पोस्टाने जाईल ती जाईल, पण त्याआधी तुम्ही स्वतः शेजाऱ्याच्या घरी जा. "अण्णा, मोजणी लावलीय, तुमच्यावर संशय म्हणून नाही, पोरांच्या वेळेला कटकट नको म्हणून. तुम्ही उभे राहा." आम्ही पहिल्या वेळी हे केलं नाही, नोटिशीनेच त्यांना कळलं, आणि ते आले ते रागातच.

तारीख शक्यतो रब्बी निघाल्यावर, मार्च ते मे दरम्यान पडेल असा अर्ज करा. उभ्या उसात ना ईटीएसची (दुर्बिणीतून अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राची) नजर जाते, ना रोव्हरला आकाश मिळतं. पावसाळ्यात काळ्या रानात पायही ठरत नाही.

मोजणीच्या दिवशी

पहाटेच बांधावरच्या काटक्या तोडून कोपरे मोकळे करा. दोन-तीन गडी, पहार, टिकाव, फक्कीची गोणी, खुंट्या, आणि रोवायला दगड तयार ठेवा. पाणी, चहा, सावली यांची सोय करा. भूकरमापक दिवसभर उन्हात असतो, आणि घाईत मोजलेलं काम तुमच्याच अंगावर येतं.

ते आले की पहिला प्रश्न विचारा, नम्रपणे पण स्पष्ट: "साहेब, टिपण कोणत्या खुणांवर बसवणार?" मग तुमचा पेन्सिलीचा कागद आणि फोटो दाखवा. हा तुमचा हक्क आहे आणि चांगल्या भूकरमापकाला त्याची मदतच होते. फक्त तुमच्या गटाच्या चार बांधांवर टिपण बसवत असतील तर विनंती करा की लांबच्या किमान तीन पक्क्या खुणा धराव्यात, आणि त्या एका रेषेत नसाव्यात. एका खुणेवर टिपण गोल फिरू शकतं. दोन खुणांनी ते थांबतं, पण त्यातली एखादी चुकीची असेल तर कळत नाही. तिसरी खूण जुळली की मन निश्चिंत होतं. जुळली नाही तर त्या तिघांतली कोणती तरी हललेली आहे, आणि ते फक्की मारण्याआधी समजलं हे बरंच.

मशीनबद्दल दोनच गोष्टी बघायच्या. रोव्हर बिंदू घेताना हातातल्या पडद्यावर "फिक्स" (स्थान पक्कं झालेलं) आहे की "फ्लोट" (अजून पक्कं न झालेलं) ते विचारा. फ्लोट असताना घेतलेला बिंदू हात-दीड हात किंवा त्याहूनही जास्त चुकू शकतो. दाट आंब्याखाली, उंच उसाला लागून किंवा कड्याच्या पोटात फिक्स मिळत नाही; तिथे मोकळ्यावर दोन बिंदू घेऊन ईटीएसने कोपरा मोजावा लागतो. दुसरी गोष्ट काठीची. ती सरळ उभी हवी, तिच्यावरचा पाण्याचा बुडबुडा मध्ये हवा. दोन मीटरची काठी थोडी कलली तरी टोक वीतभर सरकतं.

कोकणात, मावळात, जिथे उतार आहे तिथे टेप जमिनीवर लोळवून ताडा घेऊ नका. अभिलेखातलं अंतर आडव्या पातळीतलं असतं. 20 अंशांच्या उतारावर जमिनीला लावून 100 फूट टेप भरला तरी आडवं अंतर 94 फूटच असतं. वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत "कमी भरतंय" म्हणून होणारे कितीतरी गैरसमज एवढ्यावरच मिटतात.

आधी वहिवाट मोजली जाते, म्हणजे आज प्रत्यक्ष बांध कुठे आहेत ते. मग ती टिपणाशी ताडली जाते आणि अभिलेखाप्रमाणे हद्द शेतात दाखवली जाते. कधी हे एकाच दिवशी होतं, कधी हद्दी दाखवायला दुसऱ्यांदा येतात. हद्द दाखवताना प्रत्येक कोपऱ्यावर स्वतः उभे राहा आणि शेजाऱ्यालाही उभं करा. पंचनामा आणि जबाब होतात तेव्हा सही करण्याआधी वाचा. तुम्ही दाखवलेली खूण त्यांनी धरली नाही असं वाटत असेल तर सही नाकारून निघून जाऊ नका. जबाबातच लिहा: "अमुक ठिकाणचा शिवेचा दगड दाखवला, तो विचारात घ्यावा." निमतान्यात हेच वाक्य तुमच्या बाजूने बोलतं. आम्ही पहिल्या वेळी खुशीत सही केली होती, कारण रेघ आमच्या फायद्याची होती. अण्णांनी मात्र जबाबात पाणंदीचा उल्लेख करून ठेवला होता, आणि त्यांचं बरोबर निघालं.

क प्रत हातात आल्यावर

क प्रत म्हणजे तुम्हाला मिळणारा मोजणीचा नकाशा. आधी त्यावरचा खुलासा वाचा: कोणती रेघ अभिलेखाची हद्द, कोणती वहिवाटीची, अतिक्रमण दाखवलंय का आणि किती आर. पट्टीने बाजूंची लांबी प्रमाणाप्रमाणे काढून टिपणाशी ताडा. नव्या प्रणालीत कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांशही मिळतात. ते जपून ठेवा; उद्या दगड गेला तरी रोव्हरने तो बिंदू पुन्हा सापडेल. मात्र आकड्यातले दशांश कापू नका. पाचव्या दशांशातला एक म्हणजे जमिनीवर मीटरभर अंतर.

पटलं नाही तर निमताना मोजणीचा अर्ज करता येतो. ती उपअधीक्षक करतात. त्यावरही हरकत असेल तर सुपर निमताना, जिल्हा अधीक्षकांकडे. अर्जात "मोजणी चुकीची आहे" एवढंच लिहून भागत नाही. कोणती खूण धरली, कोणती धरायला हवी होती, कोणत्या लगतच्या टिपणाशी मेळ बसत नाही, ते आकड्यांनिशी लिहा. आमच्या प्रकरणात अण्णांनी एवढंच मांडलं होतं: पहिल्या मोजणीप्रमाणे त्यांच्या नंबरची रुंदी त्यांच्या टिपणापेक्षा नऊ फूट कमी भरते, आणि त्यांचा पलीकडचा बांध तर जागेवरच आहे. त्याला उत्तर नव्हतं.

मोजणी ऑफिस हद्द दाखवतं, ताबा काढून देत नाही, हे पुष्कळांना क प्रत मिळाल्यावर कळतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये कलम 132 पासून पुढे हद्दी आणि हद्दीच्या खुणांबद्दल तरतुदी आहेत. हद्दीचा रीतसर निर्णय झालेला असेल तर चुकीचा ताबा काढण्याचा अधिकार कलम 138 खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. बाकी बहुतेक प्रकरणांत अतिक्रमण सोडलं नाही तर दिवाणी कोर्ट, आणि तिथे कोर्ट कमिशनची मोजणी. तो रस्ता लांबचा आहे. क प्रत हातात आल्याआल्या ट्रॅक्टर घालून बांध फोडू नका. फौजदारी तुमच्यावर होते आणि खरी बाजू असूनही तुम्ही आरोपी म्हणून उभे राहता. गावातली चार माणसं बसवा, नकाशा पसरा, आणि लेखी समजूत करता आली तर करा.

दगड रोवणं

फक्की पहिल्या पावसात जाते. म्हणून हद्द मान्य झाली की त्याच दिवशी, दोन्ही घरची माणसं समोर असताना, दगड रोवा. अडीच फूट खड्डा घ्या. तळाला कोळसा आणि फुटक्या कौलांचे तुकडे टाका, त्यावर दगड उभा करा, अर्ध्याहून जास्त जमिनीत जाऊ द्या. वरचा दगड ट्रॅक्टरने उपटला तरी कोळसा कुजत नाही, आणि खणल्यावर जागा सापडते. लांब बांधावर फक्त टोकांना नाही, मध्येही दगड हवेत, एकावरून पुढचा दिसेल इतक्या अंतरावर. नांगराची तास दरवर्षी वीतभर सरकते ती मधल्या भागात. 600 फुटांच्या बांधावर दोन फूट सरकले म्हणजे 1,200 चौरस फूट, गुंठ्याहून जास्त, आणि हे कुणीही मुद्दाम न करता होतं.

प्रत्येक दगडापासून जवळच्या तीन न हलणाऱ्या वस्तूंपर्यंत टेपने अंतर घ्या: विहिरीचा कठडा, देवळाचा कोपरा, मोठा खडक. ती मापं क प्रतीच्या मागे लिहा, तारीख टाका, दोघांच्याही सह्या घ्या, आणि एक झेरॉक्स शेजाऱ्याकडे द्या. हद्दीची खूण मोडणं हा संहितेप्रमाणे दंडाचा विषय आहे, पण खूण कुठे होती हे दोन घरांना माहीत असेल तर तिथवर वेळ जात नाही.

आमच्या पश्चिम बांधावर आता सात दगड आहेत. चौथ्या दगडाचा खड्डा अण्णांच्या नातवाने घेतला, कोळसा आमच्या चुलीतला. विहिरीच्या कठड्यापासून तो दगड 84 फूट 6 इंचांवर आहे, आणि हा आकडा दोन्ही घरांतल्या क प्रतींच्या मागे एकाच पेनाने लिहिलेला आहे.